प्लगच्या टोकाचा धातू आणि मधली मिलिमीटरभर फट

गाडीचे चारही स्पार्क प्लग काढून मी ते एका फडक्यावर सिलिंडरच्या क्रमाने मांडले होते. तिसऱ्या प्लगच्या फटीत १.४ मिलिमीटरची तार कुठेही न अडता आरपार गेली, तेव्हा गेले दोन महिने इंजिन का अडखळत होते याचा उलगडा झाला. गाडीच्या पुस्तिकेत या इंजिनासाठी १.१ मिलिमीटरचा गॅप दिलेला आहे. उभ्या गाडीत इंजिनाला मधूनच एक हिसका बसे आणि चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखे वाटे. एअर फिल्टर बदलून झाला होता, थ्रॉटल साफ करून झाला होता, इंधनावर संशय घेऊन झाला होता. प्लगकडे मात्र मी वळलोच नव्हतो, कारण माझ्या लेखी ते नवे होते. पंचवीस हजार किलोमीटरपूर्वी मीच ते बसवले होते. अडचण एवढीच, की कारखान्यातून आलेले प्लग इरिडियमचे होते आणि मी बसवलेले साधे, ज्यांना सगळेच 'कॉपरचे प्लग' म्हणतात ते. प्लग तो प्लग, एवढीच माझी त्या वेळची समज होती.

प्लगचे सगळे काम त्या मिलिमीटरभर मोकळ्या जागेत होते. मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकवलेला बाहेरचा इलेक्ट्रोड यांच्यामध्ये कॉइल, म्हणजे प्लगला वीज पुरवणारे वेटोळे, दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युतदाब निर्माण करते, दाबल्या गेलेल्या इंधन-हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडी मारते आणि ज्वाला पेटते. फट जितकी मोठी, तितका जास्त दाब लागतो. सिलिंडरमध्ये हवा जितकी जास्त कोंबलेली, तितका आणखी जास्त. म्हणूनच झिजलेला प्लग सपाट रस्त्यावर हळू चालवताना निमूटपणे काम करतो आणि चढावर, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरत असताना, दगा देतो. प्रत्येक ठिणगी जाताना दोन्ही टोकांवरचा धातूचा अगदी सूक्ष्म कण घेऊन जाते. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सरासरी दोन हजार फेरे फिरते असे धरले, तर प्रत्येक प्लग मिनिटाला एक हजार ठिणग्या टाकतो, म्हणजे तासाला साठ हजार. ताशी चाळीसच्या सरासरी वेगाने तीस हजार किलोमीटर जायला साडेसातशे तास लागतात आणि तेवढ्या वेळात एका प्लगच्या टोकावरून साडेचार कोटी ठिणग्या गेलेल्या असतात. हा हिशेब मी त्या फडक्याशेजारी बसूनच केला आणि त्यानंतर त्या बिचाऱ्या प्लगवरचा माझा राग गेला.

वेगवेगळ्या धातूंचे प्लग घेताना आपण पैसे मोजतो ते ही फट आहे तेवढीच राहावी यासाठी. ठिणगी 'जोरदार' पडावी, गाडी जास्त पळावी, मायलेज वाढावे, अशा अपेक्षेने ज्यांनी इरिडियमचे प्लग घेतले आणि नंतर खरोखर फरक जाणवला, त्यांचे जुने प्लग बहुधा माझ्यासारखेच झिजलेले असतात. त्याच गॅपचे नवे साधे प्लग घातले असते, तरी त्यांना तोच फरक जाणवला असता. निरोगी इंजिनात धातू बदलल्याने ताकद वाढत नाही. ठिणगी पडली आणि मिश्रण पेटले की प्लगचे काम संपते, आणि किती इंधन जाळायचे हे काही प्लग ठरवत नाही.

आता 'कॉपर' या नावाविषयी. प्लगच्या टोकाला तांबे नसते. तांब्याचा वितळणांक १०८५ अंश सेल्सियस. ठिणगीपुढे ते उघडे टाकले तर फार काळ टिकणार नाही. तांबे असते ते मधल्या इलेक्ट्रोडच्या गाभ्यात, टोकावरची उष्णता पटकन वर वाहून नेण्यासाठी, आणि असा गाभा इरिडियमच्या बहुतेक प्लगमध्येही असतो. ज्याला आपण कॉपरचा प्लग म्हणतो त्याचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. शुद्ध निकेल १४५५ अंशांना वितळते. काही कंपन्या त्यात किंचित यिट्रियम मिसळून त्याची झीज कमी करतात, तरीही निकेल ते निकेलच. त्यामुळे टिकाव धरायचा तर टोक जाड ठेवावे लागते, साधारण अडीच मिलिमीटर व्यासाचे. नवे असताना या जाड टोकाच्या कडा धारदार असतात आणि ठिणगी नेहमी कडेवरूनच उडते, कारण विद्युतक्षेत्र टोकदार जागी एकवटते; इमारतीवरची वीजवाहक सळई वरून निमुळती असते ती याच कारणाने. कडा झिजून गोल झाल्या की फट फारशी वाढली नसली, तरीही ठिणगीला जास्त दाब लागू लागतो. माझ्या तिसऱ्या प्लगचे टोक भिंगातून पाहिले तेव्हा ते वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या पेन्सिलीच्या मागच्या रबरासारखे दिसत होते आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडच्या आतल्या बाजूला बरोबर त्याच्यासमोर एक उथळ खळगा पडला होता.

प्लॅटिनमचा वितळणांक १७६८ अंश आणि इरिडियमचा २४४६. १८०३ साली स्मिथसन टेनंट यांना इरिडियम सापडले तेच मुळी प्लॅटिनमचे खनिज आम्लराजात विरघळवल्यावर तळाशी उरलेल्या काळ्या गाळात, म्हणजे सोन्याला आणि प्लॅटिनमलाही विरघळवणाऱ्या आम्लाला दाद न देणारा हा धातू. इतका कणखर धातू हाताशी असला की टोक जाड ठेवण्याची गरज राहत नाही. डेन्सो या कंपनीच्या काही प्लगमध्ये ते ०.४ मिलिमीटर इतके बारीक असते आणि एनजीके या दुसऱ्या कंपनीच्या प्लगमध्ये साधारण ०.६ मिलिमीटर. बारीक टोकाचा दुहेरी लाभ असतो. विद्युतक्षेत्र आपोआप एकवटते, त्यामुळे कमी दाबावर ठिणगी पडते आणि कॉइलवरचा ताण हलका होतो. शिवाय नुकतीच पेटलेली ज्वालेची इवलीशी कळी जाड, थंड धातूला चिकटून विझण्याचे प्रमाण घटते. थंडीत इंजिन चालू होताना आणि विरळ मिश्रणावर चालताना हा दुसरा लाभ खरोखर कामी येतो. इरिडियमलाही एक उणीव आहे. फार तापमानाला त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार होणारे संयुग वाफेसारखे उडून जाते, म्हणून त्यात ऱ्होडियमसारखे धातू मिसळावे लागतात. अलीकडे रुथेनियमच्या टोकाचे प्लगही मिळू लागले आहेत; त्याचा वितळणांक इरिडियमच्या थोडा खाली, २३३४ अंश आहे. चांदीच्या टोकाचेही प्लग असतात. चांदी उष्णता सगळ्यात उत्तम वाहून नेते, पण ती ९६१ अंशांनाच वितळते, त्यामुळे रोजच्या गाडीसाठी तिच्या वाटेला जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

खोक्यावर 'इरिडियम' हा शब्द दिसला की आपले काम झाले असे समजू नये. मधले टोक इरिडियमचे असले, तरी समोरचा बाहेरचा इलेक्ट्रोड साध्या निकेलचा असू शकतो आणि मग झीज त्या बाजूने सुरू राहते. एनजीकेच्या 'इरिडियम आयएक्स' मालिकेत बाहेरचा इलेक्ट्रोड निकेलचा असतो, तर 'लेसर इरिडियम' मालिकेत त्यावर प्लॅटिनमची टिकली बसवलेली असते; दीर्घ मुदतीच्या हिशेबाने कारखान्यातून येतात ते प्लग बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असतात. काही इंजिनांत दोन सिलिंडरमध्ये एकच कॉइल असते आणि ती एकाच वेळी दोन्ही प्लगना ठिणगी देते, एक कामाची आणि दुसरी वाया जाणारी. अशा जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज मधल्या इलेक्ट्रोडकडून बाहेरच्याकडे आणि दुसऱ्यात नेमकी उलटी वाहते. झीज ऋण बाजूला जास्त होत असल्यामुळे या जोडीतल्या निम्म्या प्लगचा बाहेरचा इलेक्ट्रोड लवकर खलास होतो. अशा इंजिनांना दोन्ही टोकांवर मौल्यवान धातू असलेलाच प्लग हवा, आणि तिथे फक्त मधल्या टोकाला प्लॅटिनम असलेला एकेरी प्लग घालून खर्च वाचवणे म्हणजे निम्मेच प्लग बदलणे.

हे सगळे झाले तरी धातूची निवड शेवटची आहे. आधी प्लग त्या इंजिनाचा असला पाहिजे. आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बूड वायसरचे की शंकूसारखे, उष्णतेचा क्रमांक, आणि आत रोधक आहे की नाही, यांतले काहीही चुकले तर इरिडियम आपली चूक निस्तरू शकत नाही. एनजीकेचा 'बीपीआर६ईएस-११' हा प्लग उदाहरणादाखल घेऊ. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे टोक थोडे पुढे आलेले, आर म्हणजे आत रोधक, ६ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटरचा गॅप. हा रोधक साधारण पाच हजार ओहमचा असतो आणि ठिणगीमुळे होणारा रेडिओचा व गाडीतल्या संगणकाचा उपद्रव तो आवरतो, त्यामुळे नव्या गाडीत तो नसलेला प्लग घालू नये. आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनवर आदळू शकतो; कमी झाली तर हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातले, उरलेले आटे उघडे राहून त्यांत कार्बन भरतो आणि पुढे बरोबर लांबीचा प्लग बसेनासा होतो.

उष्णतेच्या क्रमांकाचा गोंधळ मी स्वतः एकदा केला आहे. प्लगचे टोक चालू इंजिनात साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहावे लागते. त्याखाली राहिले तर काजळी जळून जात नाही, त्यावर गेले तर ठिणगी पडण्याआधीच तापलेले टोक मिश्रण पेटवते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. 'गरम' प्लग आणि 'थंड' प्लग ही नावे टोक किती वेगाने थंड होते यावरून पडली आहेत. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे क्रमांक वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे नेमके उलटे, क्रमांक वाढला की प्लग गरम. एका कंपनीचा ७ पाहून दुसऱ्या कंपनीचा ७ उचलणारे माझ्यासारखे शहाणे म्हणूनच अधूनमधून निघतात. प्लग फिरवण्यापूर्वी लक्षात आले, एवढेच नशीब. कंपनी बदलायची असेल, तर तुलनेचा तक्ता उघडूनच बदलावी.

मग साधा प्लग कुठे पुरतो? जुनी, मिश्रण कमी दाबणारी इंजिने, गवत कापण्याचे यंत्र, फवारणीचा पंप, आणि टू-स्ट्रोक, जिथे झिजण्याच्या आधी तेलाच्या काजळीनेच प्लग निकामी होतो. या सगळ्यांत प्लग दोन मिनिटांत हातात येतो, आणि तिथे इरिडियम घालणे म्हणजे रोज चिखलात जाणाऱ्या पायांना रेशमी मोजे. गाडीच्या पुस्तिकेत निकेलचा प्लग दिला असेल, तर तो वीस ते तीस हजार किलोमीटरला न कुरकुरता बदलत राहणे हा अतिशय सभ्य मार्ग आहे. याउलट काही इंजिनांत मागचे प्लग इनटेक मॅनिफोल्डखाली, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखाली, दडलेले असतात आणि ते काढायला अर्धा दिवस, नवे गॅस्केट आणि भरपूर संयम लागतो. तिथे एक लाख किलोमीटरच्या आसपास चालणारा प्लग हाच स्वस्त प्लग होय. टर्बोच्या आणि गॅसवर चालणाऱ्या इंजिनांत ठिणगीला मुळातच जास्त दाब लागतो, म्हणून तिथेही बारीक टोकाकडेच माझा कौल जातो. ज्या इंजिनाला कारखान्याने इरिडियम दिले आहे, तिथे निकेल घालता येते, इंजिन चालूही होते. मात्र बदलण्याची मुदत आपण चौथाईवर आणली आहे हे वहीत लिहून ठेवावे लागते. मी ते लिहिले नाही आणि तीच माझी खरी चूक झाली.

प्लग काढणे हे ताकदीचे काम वाटते, पण त्यातले बहुतेक काम सावकाशपणाचे आहे. इंजिन पूर्ण थंड हवे, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर ओरबाडून बाहेर येऊ शकतात. कॉइलचा कनेक्टर काढताना त्याची खिटी आधी दाबावी. उष्णतेने ते प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि ओढाओढीत पहिल्यांदा तेच तुटते. कॉइल काढली की प्लगच्या विहिरीत दाबाची हवा मारून वाळू आणि कचरा उडवावा, नाहीतर प्लग निघताच तो सगळा सिलिंडरमध्ये पडतो. मी एका वेळी एकच प्लग काढतो आणि काढलेल्या प्रत्येकाला सिलिंडरचा क्रमांक देतो, कारण जुना प्लग म्हणजे त्या सिलिंडरचे निदानपत्रच असते. फिकट तपकिरी किंवा करडे टोक असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी इंधन जास्त जात असल्याचे सांगते, ओला तेलकट काळेपणा पिस्टनच्या रिंगांकडे किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवतो, आणि पांढरेफटक, फोड आलेले टोक अति उष्णतेचे लक्षण असते.

एका खुणेने मात्र भल्याभल्यांना फसवले आहे. पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या षटकोनाच्या अगदी वर, तपकिरी रंगाचे एक कडे पडलेले दिसते आणि 'इथून गॅस लीक होतोय' असा निर्वाळा लगेच दिला जातो. हे कडे उच्च विद्युतदाबामुळे हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे ओढले जाऊन पडते आणि ते पूर्णपणे निरुपद्रवी असते. माझ्या चारही प्लगवर ते होते. याच मातीवर उभ्या काळ्या रेघा दिसल्या तर मात्र वीज बाहेरून निसटते आहे असे समजावे, आणि प्लगबरोबर कॉइलचे रबरी बूटही बदलावे.

नवा प्लग खोक्यातून काढल्यावर गॅप तपासायचा, पण इरिडियमच्या टोकाशी दांडगाई करायची नाही. चकतीसारखे गोल मापक फटीत सरकवून फिरवण्याची सवय निकेलच्या प्लगला चालून जाते, ०.६ मिलिमीटरचे ठिसूळ टोक त्याने सहज तुटते. तारेचे मापक वापरावे, आणि गॅप कमीजास्त करायचाच असेल तर मधल्या टोकाला स्पर्श न करता फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड अगदी थोडा वाकवावा. मौल्यवान धातूच्या प्लगवर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर चालवू नये. जुना प्लग घासून पुन्हा बसवण्याची आपली जी सवय आहे, ती निकेलच्या दिवसांतली आहे. जमिनीवर पडलेला नवा प्लग टाकून देताना जीव तुटतो हे मान्य, तरीही चिनी मातीतला केसाएवढा तडा वरून दिसत नाही, आणि तो पुढे मिसफायरच्या, म्हणजे ठिणगी हुकण्याच्या, रूपाने महिनोन्‌महिने डोके खातो.

बसवताना मी प्लगच्या मागच्या टोकाला वीतभर रबरी नळी घालतो आणि तिनेच प्लग विहिरीत उतरवून फिरवतो. आधी उलट दिशेने एक फेरा द्यायचा. आटे एकमेकांत बसतात तिथे हाताला हलकासा 'टक्' जाणवतो, आणि तिथून सुलट फिरवायला लागायचे. दुसऱ्या सिलिंडरमध्ये पहिल्याच आट्याला नळी हातातच गरागरा फिरू लागली, म्हणजे प्लग तिरका लागला होता. नळीच्या जागी पाना असता तर मला काहीच कळले नसते आणि हेडचे आटे गेले असते. प्लग बाहेर घेतला, पुन्हा उलटा फेरा दिला, आणि या वेळी तो सात-आठ फेरे बोटांनीच आत गेला. त्यानंतरचे घट्ट करणे टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, करावे: ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वायसरच्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्याला जेमतेम १० ते १२. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल, तर नवा वायसरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, आणि शंकूच्या बुडाचा प्लग फक्त एक-सोळांश फेरा. या शंकूच्या प्लगवर जोर लावणारे हात पुढच्या वेळी तो काढताना रडतात. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जखडू नयेत म्हणून लावायचा लेप) लावण्याचा मोह होतो. एनजीके स्वतः त्याला नको म्हणते, कारण आट्यांवर मुलामा असतोच आणि ओल्या आट्यांवर पान्याने तोच आकडा दाखवला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. रबरी बुटाच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीजरोधक, ग्रीसचा पातळ हात फिरवावा.

काम संपवून किल्ली फिरवली तर इंजिन तीन सिलिंडरवर थरथरत उभे राहिले. एक क्षण पोटात गोळा आला. बॉनेट पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा चौथ्या कॉइलचा कनेक्टर जागेवर होता, पण त्याची खिटी लागली नव्हती. बोटाने दाबली, तिने आवाज केला, आणि पुढच्या वेळी इंजिन एकसंध गुरगुरले. काढलेले चारही प्लग क्रमांकांसह एका डब्यात ठेवले आहेत. वहीत त्या दिवसाचा किलोमीटरचा आकडा, प्लगचा पूर्ण क्रमांक, '१.१' आणि या वेळी न विसरता दोन्ही इलेक्ट्रोडचे धातू लिहून ठेवले आहेत.